बडोद्यात अटल ब्रिजवरून जावं की खालून? आणि त्याने ट्रॅफिक खरंच कमी झालं का?

कुठे उतरायचं आहे, यावर सगळं ठरतं. अटलादरा-पादऱ्याकडून येऊन सरळ गेंडा सर्कलच्या पलीकडे, सुभानपुरा-गोरव्याला जायचं असेल, तर डोळे मिटून ब्रिज धरा. मनीषा चौकडी ते गेंडा सर्कल असा हा साडेतीन किलोमीटरचा उड्डाणपूल. २५ डिसेंबर २०२२ ला तो खुला झाला आणि मल्हार पॉइंट, चकली सर्कल, नटूभाई सर्कल असे एकापाठोपाठ एक चौक एका दमात पार व्हायला लागले. पूर्वी प्रत्येक चौकात आडवी वाहनं आणि सरळ जाणारी वाहनं एकमेकांत अडकायची. लांबचा प्रवासी वर गेला म्हणून खालचा चौक मोकळा होतो, पुलाचं खरं काम हेच.

पण दवाखाना, दुकान किंवा क्लास पुलाखालच्या जुन्या पादरा रोडवरच असेल तर खालूनच जा. खाली मात्र जपून चालवा. खांबांच्या रांगेमुळे वळताना पलीकडून येणारी स्कूटर अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. हॉर्न द्या, थांबा, मगच वळा.

संध्याकाळी दोन्ही टोकांना गर्दी मिळेलच. वरून भराभर आलेली गाडी आणि खालून आलेली गाडी तिथे एकाच चौकात येतात. पूल गर्दी नाहीशी करत नाही, पुढच्या चौकात नेतो. तिथल्या सिग्नलची वेळ आणि कडेचं पार्किंग नीट सांभाळलं, तर वाचलेला वेळ हाती राहतो. महापालिकेने नव्या पुलांआधी याकडे लक्ष द्यावं, असं मला मनापासून वाटतं.