गणपतीच्या महिन्यावर राजीनामा

"ब्लॉगवर पैसे यायला लागलेत. नोकरी सोडून पूर्णवेळ हेच करू का? घरचे ऐकायलाच तयार नाहीत." मुंबईत आमच्याकडे करिअरच्या समुपदेशनाला येणाऱ्या विशी-तिशीतल्या मुलामुलींकडून हा प्रश्न आता नेमाने येतो. त्यातली ही एक हकिकत. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, आकड्यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण मात्र तसंच ठेवलंय.

मुलगी डोंबिवलीची, वय 29. अंधेरीत एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये, हातात पगार 34 हजार. सकाळी सातला घर सोडायचं, घाटकोपरला उतरून मेट्रो धरायची, परत यायला रात्रीचे साडेआठ. चार वर्षांपासून मराठीत पाककृती लिहितेय: उकडीचे मोदक, भरली वांगी, सुक्या बोंबलाची चटणी, अळूचं फदफदं. एकूण 160 पोस्ट. सप्टेंबर 2024 मध्ये जाहिरातींचे 31 हजार झाले, ऑक्टोबरमध्ये 24 हजार. नोव्हेंबरात ती आली तेव्हा राजीनाम्याचा मसुदा मोबाइलमध्ये तयार होता. बाबा बेस्टमधून निवृत्त झालेले. त्यांचं एकच म्हणणं, "पगाराची नोकरी सोडून जेवणाचे फोटो काढत बसणार?"

मसुदा कोणत्या दिवशी लिहिलास, हे आधी विचारलं. साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं त्या रात्री. मग दुसरा प्रश्न: ब्लॉगवर एक रुपया मिळत नसता तरी ही नोकरी सोडावीशी वाटली असती का? ती लगेच म्हणाली, हो. म्हणजे ही नोकरी नको हा एक प्रश्न आणि ब्लॉगवर पोट भरेल का हा दुसरा. बहुतेक जण या दोहोंची एकच मोळी बांधून आणतात आणि पहिल्याचा राग दुसऱ्याच्या हिशेबात मिसळतो. पहिल्याचं उत्तर दुसरी नोकरी किंवा दुसरी शाखा हेही असू शकतं.

दुसऱ्यासाठी तिला मागच्या बारा महिन्यांचे आकडे आणायला सांगितले. अकाउंट्समधली मुलगी, तक्ता नीट करून आणला. वर्षाचे 1 लाख 38 हजार. त्यातले 55 हजार फक्त दोन महिन्यांचे, उरलेल्या दहा महिन्यांची सरासरी 8,300. फेब्रुवारीत तर 5,600. ॲडसेन्समध्ये, म्हणजे ब्लॉगवर जाहिराती लावणाऱ्या गूगलच्या सेवेत, शिल्लक 100 डॉलरच्या वर गेल्याशिवाय पैसे सुटत नाहीत, म्हणून त्या महिन्याचे पुढे ढकलले गेले. शिवाय एका महिन्याची कमाई पुढच्या महिन्याच्या 21 ते 26 तारखेच्या दरम्यान निघते. सप्टेंबरचे पैसे ऑक्टोबरच्या अखेरीस हातात. घरभाडं किंवा कर्जाचा हप्ता पाच तारखेला जात असेल तर ही तफावत झोप उडवते.

आकडे असे वरखाली का होतात, हे तिला ठाऊक होतं, पण तिने ते जोडून पाहिलं नव्हतं. 2024 मध्ये गणेश चतुर्थी 7 सप्टेंबरला होती आणि तिची सर्वाधिक वाचली जाणारी पोस्ट मोदकांची. त्यापाठोपाठ नवरात्र, दिवाळीचा फराळ. याच काळात जाहिरातदारांचा हात सैल असतो, त्यामुळे तेवढ्याच वाचकांमागे जास्त पैसे मिळतात. जानेवारीत जाहिरातींचे दर उतरतात आणि मोदक कुणी शोधत नाही. सण सरकतो हेही लक्षात ठेवावं लागतं. 2025 मध्ये चतुर्थी 27 ऑगस्टला आली. त्या वर्षी कुणी सप्टेंबरची मागच्या सप्टेंबरशी तुलना केली असती, तर धंदा बसला असं वाटून घाबरला असता.

मग खर्च. डोमेन आणि होस्टिंग, म्हणजे ब्लॉगचा पत्ता आणि इंटरनेटवरची जागा, यांचे 7 हजार (पहिल्या वर्षी स्वस्तात मिळतं, नूतनीकरणाला आकडा फुगतो), जिन्नसांचे 15 हजार, दिवे, ट्रायपॉड, मेमरी कार्ड वगैरे 8 हजार. उरले 1 लाख 8 हजार. एका पोस्टला किती तास लागतात, ते घड्याळ लावून मोजायला सांगितलं: बाजारहाट 1, दोनदा करून बघण्यासह स्वयंपाक 3, फोटो दीड, लिखाण दीड, फोटो लहान करणं-मथळे-प्रमाणं तपासणं 1, समाजमाध्यमांवर टाकणं 1. असे 9. आठवड्याला एक पोस्ट, शिवाय प्रतिक्रियांना उत्तरं आणि जुन्या पोस्टची डागडुजी 4 तास. वर्षाचे 676 तास, म्हणजे तासाला 160 रुपये. नोकरीत दारातून निघाल्यापासून परत येईपर्यंतचे साडेतेरा तास धरले, तर तासाला जेमतेम 110 पडतात.

तिचा चेहरा फुलला. तिथल्या तिथे गुणाकार केला: आठवड्याला 45 तास दिले तर वर्षाला पावणेचार लाख!

इथे थांबवावं लागलं, कारण पूर्णवेळ होणाऱ्यांपैकी बरेच जण याच गुणाकारात फसतात. 160 पोस्टपैकी 14 पोस्ट तिला पाऊण उत्पन्न देत होत्या. बाकीच्यांना महिन्याकाठी मूठभर वाचक. नवी पोस्ट गूगलच्या शोधात वर यायला महिने लागतात, काही कधीच येत नाहीत. तास तिप्पट केले तरी मोदक शोधणारी माणसं तिप्पट होत नाहीत. दहापैकी आठ वाचक गूगलच्या शोधातून येत होते, हे सर्च कन्सोल या गूगलच्याच आकडे दाखवणाऱ्या साधनात स्पष्ट दिसत होतं. शोधाचे निकष बदलले की एका आठवड्यात वाचक निम्म्यावर येऊ शकतात, आणि आता बऱ्याच प्रश्नांची उत्तरं शोधाच्या पानावरच मिळत असल्याने लोक पुढे क्लिकच करत नाहीत. ब्लॉग चांगला लिहूनही हे होतं. एरवी शहाणीसुरती माणसं असा आलेख घसरला की "माझ्यातच काही कमी आहे" म्हणत रात्री दोन वाजता आकडे ताजे करत बसतात. तीही बसायची. तिला आकडे बघायला सोमवारची सकाळ ठरवून दिली, इतर दिवशी मोह नको म्हणून मोबाइलवरून आकडे दाखवणारं ॲप काढून टाकलं. पहिले पंधरा दिवस चिडचिड झाली, मग सवय लागली.

नातेवाइकांचाही एक धोका असतो. तिच्या मामांनी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "सगळ्यांनी रोज तिच्या जाहिरातींवर क्लिक करा" असं प्रेमाने लिहिलं होतं. अशा क्लिकमुळे कमाई कापली जाते, खातंही बंद होऊ शकतं. तो मेसेज तातडीने काढायला लावला आणि सगळ्यांना कारण कळवलं.

मग जाहिरातदारांकडून थेट येणारी कामं. एका मिक्सरवाल्याने 24 हजारांचा मिक्सर देऊ केला होता, बदल्यात दोन पोस्ट. फुकट वाटतो, पण 1 जुलै 2022 पासून वर्षात 20 हजारांपुढच्या अशा लाभावर 10 टक्के टीडीएस (देणाऱ्याने आधीच कापायचा कर) लागतो आणि ती रक्कम विवरणपत्रात उत्पन्न म्हणून दाखवावी लागते. मिक्सरने विजेचं बिल भरता येत नाही ते नाहीच. पोस्टमध्ये 'जाहिरात' असं ठळक, वरच्या बाजूला आणि मराठीतच लिहायचं. लपवलं तर ग्राहक संरक्षण कायद्याखाली दंड 10 लाखांपर्यंत जाऊ शकतो, पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत. रोख पैशाच्या कामाला लेखी ऑर्डर, फेरबदल किती वेळा करून देणार त्याची मर्यादा आणि पैसे देण्याची तारीख, या तीन गोष्टी ईमेलवर आल्याशिवाय कढई चढवायची नाही. एजन्सीमार्फत आलेल्या कामाचे पैसे दोन-तीन महिने लटकणं नवं नाही.

पगाराच्या 34 हजारांबरोबर पीएफ आणि आईबाबांसह आरोग्यविमा होता. तो विमा स्वतः काढायचा तर, साठी ओलांडलेल्या आणि मधुमेह असलेल्या बाबांसाठी हप्ता किती पडेल, याची चौकशी तिने स्वतः केली. परत आली तेव्हा राजीनाम्याचा विषय तिने आपण होऊन काढला नाही.

घरी बोलायचं कसं, यावर बराच वेळ गेला. वन बीएचके घर, स्वयंपाकघर एकच, अकरापर्यंत आईचं राज्य. फोटोला लागणारा खिडकीचा उजेडही तेवढ्याच वेळात. दिवसभर घरी राहिली असती तर आईशी रोज खटके उडाले असते. बाबांना "माझं स्वप्न" वगैरे सांगायचं नाही, तक्ता दाखवायचा असं ठरलं. त्यांनी तो दोनदा वाचला आणि विचारलं, "फेब्रुवारीत एवढे कमी का?" चार वर्षांत ब्लॉगबद्दल त्यांनी विचारलेला हा पहिला खराखुरा प्रश्न.

तिने कंपनीकडे ठाण्याच्या शाखेत बदली मागितली, ती तीन महिन्यांनी मिळाली. प्रवासाचे रोजचे दोन तास वाचले आणि ते साहेबही सुटले. ब्लॉगवर नव्या पोस्ट कमी करून चालणाऱ्या 14 पोस्ट तिने नीट केल्या: वाटीऐवजी ग्रॅम, उकड चिरली तर काय करायचं, तांदळाचं पीठ जुनं असेल तर पाणी किती वाढवायचं. सणाच्या पोस्टची डागडुजी दोन महिने आधी. ब्लॉग पाहून एका मसालेवाल्यांनी पाकिटामागच्या कृती मराठीत लिहून मागितल्या, प्रत्येक कृतीमागे ठरलेले पैसे, वाचक येवोत न येवोत. असं काम वाढलं तर गूगलवरची भिस्त कमी होते.

नोकरी सोडण्यासाठी आम्ही तिघांनी, म्हणजे ती, तिचे बाबा आणि आम्ही, मिळून अटी लिहिल्या आहेत: खर्च वजा जाता सलग बारा महिन्यांची सरासरी 25 हजार, त्यातला निदान निम्मा पैसा जाहिरातींखेरीज इतर कामांचा, आठ महिन्यांचा घरखर्च बाजूला आणि विमा आधी काढलेला. सध्या सरासरी 16 हजारांवर आहे.