रुग्णालयातील मुलांसाठी खेळणी घडवताना

रुग्णालयातील मुलांच्या खेळण्यांचा आपला आराखडा पाहिला. कल्पना सुरेख आहे, परंतु कापडी अस्वल कर्करोगाच्या कक्षात चालणार नाही, कारण केमोथेरपीमुळे प्रतिकारशक्ती घटलेल्या मुलांच्या हाती जाणारी प्रत्येक वस्तू जंतुनाशकाने पुसता आली पाहिजे आणि तिच्या सांध्यांत ओल साचता कामा नये. सलाइन लावलेला हात हलवता येत नाही, म्हणून खेळणे एका हाताने, निजल्या निजल्या खेळता यावे. फुंकरीने फिरणारे भिरभिरे साधे वाटते. पण शस्त्रक्रियेनंतर दीर्घ श्वासाचा व्यायाम टाळणारे मूल त्याच्यासाठी आपणहून फुंकते, मात्र भिरभिरे प्रत्येक मुलाचे स्वतंत्र असावे. तीन वर्षांखालील मुलांसाठी 31.7 मिमी व्यासाच्या चाचणी-नळकांड्यात (घशात अडकू शकणारे लहान भाग ओळखण्याचे साधन) पूर्ण मावणारा सुटा भाग नकोच. आणि खेळण्यातले संगीत? रात्रीच्या वॉर्डाचा विचार करून ते वगळावे.