कागद आपला, मजकूर त्याचा

अगं,

तुझं पत्र दोनदा वाचलं. छापायला आलेल्या पण नाकारलेल्या बाडांतली, म्हणजे हस्तलिखितांतली, हास्यास्पद वाक्यं तुमच्याकडची मंडळी चारचौघांत वाटतात, लोक पोट धरून हसतात, आणि आता 'या आठवड्याचा मोती' निवडायचं काम तुझ्या गळ्यात पडलंय. लेखकाचं नाव तर देत नाही, मग बिघडलं कुठे, असं विचारतेस. काहीच बिघडलं नसतं तर चार पानी पत्र लिहिलं नसतंस.

बाड ही ठेव असते. ते आपल्या हाती दिलेलं असतं एकाच प्रश्नासाठी: छापणार का? हो म्हण, नाही म्हण, उत्तराला सहा महिने लाव (तेही वाईटच), पण ठेवीला हात लावू नकोस.

हे माझं सोवळं नव्हे. कवी अलेक्झांडर पोप यांची पत्रं एडमंड कर्ल नावाच्या प्रकाशकाने परवानगीशिवाय छापली, तेव्हा पोप न्यायालयात गेले. १७४१ साली लॉर्ड हार्डविक यांनी निकाल दिला: पत्र ज्याला आलं त्याची मालकी फार तर कागदावर. छापायचा हक्क लिहिणाऱ्याचाच.

तुझे सहकारी म्हणतील, परीक्षणात आपण पुस्तकांची सालं काढतोच की. खुशाल काढा! छापलेलं पुस्तक स्वतःच्या पायांनी चव्हाट्यावर आलेलं असतं. लेखकांच्या हक्कांसाठी झालेल्या आंतरराष्ट्रीय बर्न कराराचं दहावं कलमसुद्धा अवतरणाची मुभा देतं ती रीतसर लोकांसमोर आलेल्या लेखनापुरती. बाड फक्त तुझ्या टेबलापर्यंत आलंय.

आणि कृपा करून 'यातलाच एखादा उद्या मोठा लेखक निघेल' हे पालुपद नको. फ्रेंच लेखक आंद्रे जीद यांच्या प्रकाशनातल्या मंडळींनी १९१२ मध्ये कादंबरीकार प्रूस्तचं बाड नाकारलं आणि १९१४ मध्ये जीद यांनी पत्र लिहून पश्चात्ताप कळवला, ही गोष्ट सगळे कौतुकाने सांगतात. मला ती आवडत नाही. प्रूस्तला पत्र गेलं, कारण पुस्तक थोर निघालं. ज्याचं खरोखरच टुकार होतं त्याला कोण लिहिणार? आत खोटी नाणी असली तरी ठेव ती ठेवच.

आता माझं ऐक. तुझ्या वयाचा असताना एका नियतकालिकात मी असंच सदर चालवायचो. एका कादंबरीतलं वाक्य छापलं: 'आईचे डोळे विहिरीसारखे आटले आणि मी पोहरा घेऊन उभा राहिलो.' वाचक बेहद्द खूश. महिन्याभराने पोस्टकार्ड आलं. शिवी नाही, तक्रार नाही. 'पान ४३ वरचं माझं वाक्य आपण छापलंत. मुळात "पोहऱ्याचा तुटका दोर घेऊन" असं आहे. शब्द गळले आहेत.' खाली सही.

गळले नव्हते गं. मी गाळले होते. दोरासकट ते वाक्य हसण्याइतकं वाईट नव्हतं.

नाव मीही दिलं नव्हतं. पण स्वतःचं वाक्य माणूस अंधारातही ओळखतो.

उत्तर लिहिलं नाही. आठवड्याला वीसेक बाडं यायची, संपादकांना सदर हवंच होतं, आणि खरं सांगतो, कादंबरी वाईटच होती. साभार परत केली त्यात चूक नव्हती, आजही तेच करीन. बघ, इतक्या वर्षांनी अजून स्वतःची वकिली करतोय. पोस्टकार्डानंतरही ते सदर सहा महिने चाललं, हे मात्र सांगायचं टाळत होतो.

मग हसायचंच नाही का? दिवसभर बाडं वाचणाऱ्याला टेबलापाशी हसू फुटणारच, ते कोण अडवणार? नवोदितांना चुका दाखवायच्या असतील तर वाईट वाक्य स्वतः रच. १९८२ साली अमेरिकेत जुने इंग्रज कादंबरीकार बुलवर-लिटन यांच्या नावाने स्पर्धा सुरू झाली, कादंबरीचं भयंकर पहिलं वाक्य मुद्दाम लिहिण्याची. तिथे प्रत्येकजण स्वतःच्याच जिवावर हसवायचा. करून बघ, वाटतं तितकं सोपं नाही. अगदीच खरं वाक्य हवं असेल तर लेखकाची परवानगी माग. मागायला जीभ रेटत नसेल, तर प्रश्न मला का विचारतेस?

नमुना म्हणून तू तीन वाक्यं उतरवून पाठवलीस. ती मी वाचलीच नाहीत, असं लिहिणार होतो. वाचली. दुसऱ्यावर हसलोही. तो कागद फाडलाय. पुन्हा पाठवू नकोस.