आधी घड्याळ, मग रिपोर्ट

अगं,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुमच्या दमा आणि अन्न-ॲलर्जीच्या अभ्यासातला मुलगा सात वर्षांचा, दमा आहे. त्वचेच्या चाचणीत शेंगदाण्याचा अर्क टोचला तिथे उठलेली गांध ६ मिलिमीटर आली, आणि आई म्हणते पोरगं रोज दाण्याची चटणी खातं. फॉर्मवर ‘फूड ॲलर्जी’पुढे हो लिहायचं की नाही, आणि खरं कुणाचं मानायचं, रिपोर्टचं की आईचं?

दोघांचंही खरं आहे. खोट आहे ती तुझ्या फॉर्ममध्ये. नाव झाकून तू जो भरलेला नमुना पाठवलास, त्यात वेळेचे चार रकाने आहेत आणि चारही कोरे. ‘काय खाल्लं’ आहे, ‘काय झालं’ आहे. किती वाजता खाल्लं आणि किती वाजता झालं हे कुठेच नाही. मग तो निकाल तू लावणार कशाच्या जोरावर?

चाचणी एवढंच सांगते की शरीरात त्या पदार्थाविरुद्धचं आयजीई, म्हणजे ॲलर्जीतलं प्रतिपिंड, आहे. ती संवेदनशीलता झाली. ॲलर्जी म्हणायला पदार्थ पोटात गेल्यावर काहीतरी घडावं लागतं, बहुतेक वेळा काही मिनिटांत ते दोन तासांच्या आत, आणि पुन्हा खाल्लं की पुन्हा. कर्नाटकात मोठ्या माणसांवर झालेल्या युरोप्रिव्हॉल या अन्न-ॲलर्जीच्या अभ्यासात रक्तात अन्नाविरुद्धचं आयजीई २६.५ टक्क्यांत सापडलं आणि संभाव्य अन्न-ॲलर्जी १.२ टक्क्यांत. खूण असलेले वीस-बावीस धर, तेव्हा त्रास असलेला एक. ज्या मुलाला चटणी रोज पचते त्याची चटणी नुसत्या गांधीवरून बंद करू नकोस, कुणाला करूही देऊ नकोस. नियमित पोटात जाणारा पदार्थ तोडला की कमावलेली सहनशीलता जाऊ शकते. २०१५ साली आलेला लीप अभ्यास तू वाचलेला आहेसच, बाळांना लवकर शेंगदाणा द्यावा की टाळावा याचा: ६४० बाळं, आणि सुरुवातीला चाचणी निगेटिव्ह असलेल्या गटात पाचव्या वर्षी शेंगदाण्याची ॲलर्जी टाळणाऱ्यांत १३.७ टक्के, खाणाऱ्यांत १.९. तेव्हा त्या रकान्यात लिही: ‘संवेदनशीलता आहे, नियमित सेवन, त्रास नाही.’ पण आधी आईला वेळ विचार. ‘रोज खातो’ म्हणजे काल किती वाजता, किती चमचे, आणि त्यानंतरच्या दोन तासांत तो कुठे होता?

आपल्याकडचंच एक उदाहरण घे. यावल-रावेरकडे हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी होते. संध्याकाळी सातला पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळक्या काड्या) पेटतात, वांगी भाजतात, मग बडजीत, म्हणजे ठेचायच्या भांड्यात, मिरची-लसणासोबत ठेचायची, वर दाणे आणि कांद्याची पात. साडेआठला पंगत. दुसऱ्या आठवड्यात पेशंट सांगतो, ‘भरीत खाल्लं आणि दम लागला.’ तुझा फॉर्म म्हणणार: संशयित अन्न वांगं, शेंगदाणा. आता घड्याळ लाव. खोकला पावणेआठला सुरू झाला असेल तर तेव्हा एक घासही पोटात नव्हता. तो पऱ्हाट्यांचा धूर आणि गार हवा. पावणेनऊला ओठ-तोंड खाजलं, अंगावर उठलं आणि मग छाती भरली, तर दाण्याकडे बघ. नुसतंच तोंड चुरचुरलं असेल तर वांग्यातलं हिस्टामिन, हे खाज आणणारं रसायनही डोक्यात ठेव. रात्री दोनला जाग आली तर तो अंगात मुरलेला, नीट औषध न घेतलेला दमा असण्याचीच शक्यता जास्त. रात्र एक, ताट एक, आणि वेळ बदलली की आजार बदलतो. वेळ नसेल तर ती नोंद म्हणजे गप्पा.

‘गावात कोण घड्याळ बघतं’ असं तू लिहिलंस. ही पळवाट मला चालणार नाही. दूध काढायच्या आधी की नंतर? मुक्कामाची एस.टी. आली होती का? लाइट गेली तेव्हा की आल्यावर? या खुणांवरून वेळ काढ, आणि आईचे शब्द व तू काढलेली वेळ दोन्ही लिही, पुढे ‘अंदाजे’ हा शब्द टाकून. खूण केलेला अंदाज प्रामाणिक असतो. न केलेला तसा नसतो.

शब्दांचंही तेच. ‘पित्त झालं’ म्हणजे कुणासाठी अंगावर उठलेलं पित्त, कुणासाठी आंबट ढेकर. विचार: अंगावर उठलं की तोंडाशी आलं? ‘छातीमा घरघर करस’ ही नाकातल्या शेंबडाचीही घरघर असते. शिट्टीसारखा आवाज श्वास सोडताना येतो का, हे स्वतः करून दाखव आणि विचार. धडगाव-अक्कलकुव्याकडे पावरी किंवा भिलोरी बोलणारा माणूस सोबत घे. मराठी प्रश्नावर मान हलली म्हणजे उत्तर मिळालं असं नव्हे.

आता हाताची कामं. त्वचेच्या चाचणीला सेटिरिझिनसारखी ॲलर्जीची गोळी निदान ५ ते ७ दिवस बंद हवी. शेवटची गोळी कधी घेतली ती तारीख-वेळ लिही, कारण सर्दी-खोकल्याच्या मिश्रणातही तेच औषध लपलेलं असतं. टोचे एकमेकांपासून २ सेंटिमीटर दूर. अर्क २ ते ८ अंशांत. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी लाइट गेली की फ्रीजचा काटा कुठे जातो ते बघायला तापमानाची वही लटकव. वाचन १५ मिनिटांनी. पाचव्या मिनिटाला गांध पुरती उठलेली नसते, चाळिसाव्याला बसायला लागलेली असते, आणि दोन्ही आकडे कागदावर सारखेच रुबाबदार दिसतात. सगळ्यांत लांब व्यास आणि त्याला काटकोनातला व्यास, दोन्हींची सरासरी. सलाइनच्या टोच्यापेक्षा ३ मिलिमीटर मोठी असेल तरच पॉझिटिव्ह. तुलनेसाठी मुद्दाम टोचलेल्या हिस्टामिनची गांधच उठली नाही तर तो अख्खा हात रद्द. पेनने कडा आखून पारदर्शक चिकटपट्टीने कागदावर उतरव. वाद झाला तर तो कागद बोलतो.

स्पायरोमेट्रीत, म्हणजे यंत्रात फुंकून फुप्फुसांची ताकद मोजताना, तर घड्याळाशिवाय पाऊल टाकूच नकोस. साधा निळा पंप घेऊन ४ तास तरी झालेले हवेत, फॉर्मोटेरॉलचा दिवसातून दोनदाचा पंप असेल तर २४. एकदा फुंकून झालं की श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या सालब्युटामॉलचे १०० मायक्रोग्रॅमचे चार पफ, स्पेसरमधून (पंपाला जोडायच्या नळकांड्यातून), एकेक सुटा, आणि १५ मिनिटांनी पुन्हा फुंक. मोठ्या माणसात एफईव्ही-१ (पहिल्या सेकंदात बाहेर फुंकलेली हवा) हे १२ टक्के आणि २०० मिलिलिटर, दोन्ही वाढलं पाहिजे. २०२१ पासून दुसरा निकषही आहे, अपेक्षित मूल्याच्या १० टक्क्यांहून जास्त वाढीचा. प्रोटोकॉलमध्ये जो लिहिला आहे तोच शेवटपर्यंत, अध्येमध्ये सोयीने बदल नाही. रोज सकाळी ३ लिटरच्या सिरिंजने तपासणी: आकडा २.९१ ते ३.०९ च्या आत हवा. या खिडकीतही ९० मिलिलिटरची चूक मावते, म्हणजे तू शोधतेस त्या २०० च्या जवळपास निम्मी. म्हणून सिरिंज आणि यंत्र एकाच खोलीत, एकाच तापमानाला ठेव. उन्हात उभ्या गाडीतून आणलेली सिरिंज लगेच लावलीस तर दिवसभराचे आकडे वाकडे. खोली ४० अंशांच्या वर गेली की चाचणी थांबव. जळगावात एप्रिल-मे म्हणजे सकाळचे सात ते अकरा. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच वाळू दे. फडक्याने पुसलास तर आत स्थिर वीज भरते आणि औषध भिंतीलाच चिकटतं.

दम्याच्या डायऱ्यांवर फार विश्वास ठेवू नकोस. दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ पीक फ्लो (फुंकरीचा सर्वांत जास्त वेग), दिवसातल्या सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आकड्यातला फरक भागिले दोन्हींची सरासरी, मग सगळ्या दिवसांची सरासरी. मोठ्यांत १० टक्क्यांच्या वर, मुलांत १३ च्या वर गेली तर चढउतार जास्त. हिशेब सोपा, माल भेसळीचा. सगळ्या नोंदी एकाच शाईत, वेळ रोज ८:०० आणि आकडे ३००, ३५०, ३०० असतील तर ती डायरी बाहेरच्या बाकावर बसून भरलेली आहे. ८:१०, ७:४०, एक दिवस रिकामा, ‘कपाशी वेचायला गेले’ असं लिहिलेली डायरी सोन्याची. रिकाम्या रकान्यासाठी पेशंटला रागावलीस तर पुढच्या वेळी तो खोटा भरून आणेल, आणि चूक तुझी असेल.

फूड चॅलेंजबद्दल, म्हणजे संशयित पदार्थ देखरेखीखाली वाढत्या डोसात खायला देण्याबद्दल, तू घाईने विचारलंस. घाई नको. दमा आटोक्यात नसेल, एफईव्ही-१ अपेक्षित मूल्याच्या सत्तर टक्क्यांच्या खाली असेल, तर चॅलेंज नाहीच. अन्नाची जिवावर बेतणारी प्रतिक्रिया याच पेशंटमध्ये जास्त येते, आणि म्हणूनच दमा व अन्न हे दोन वेगळे विभाग नव्हेत. नेहमीची चढण प्रथिनाच्या मिलिग्रॅममध्ये असते: ३, १०, ३०, १००, ३००, १०००, ३०००. शंभर ग्रॅम दाण्यांत प्रथिन साधारण २५ ग्रॅम, म्हणजे पहिला डोस १२ मिलिग्रॅम दाण्याचा. स्वयंपाकाच्या काट्यावर तो दिसणारही नाही. प्रयोगशाळेचा काटा हवा, आणि कूट एकसारखं दळून चाळलेलं. सगळं मिळून ४.४४ ग्रॅम प्रथिन, सुमारे १८ ग्रॅम दाणे. दोन डोसांत १५ ते ३० मिनिटं. प्रोटोकॉलने २० ठरवली तर २० म्हणजे २०. ‘काही होत नाहीये, पुढचा देऊन टाकू’ हे वाक्य ऐकलंस तर ताटली उचलून ठेव. अकराव्या मिनिटाला पुढचा डोस दिला आणि पंधराव्याला उलटी झाली, तर कोणत्या डोसने झाली ते ब्रह्मदेवही सांगणार नाही, आणि अभ्यासाला हवा असलेला आकडा तोच असतो.

चॅलेंजमध्ये जिवावर बेतलं तर लागणारं अॅड्रेनलिन आधीच मोजून ठेव: १ मिलिलिटरला १ मिलिग्रॅमची कुपी, किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे २० किलोच्या पोराला ०.२ मिलिलिटर, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. लहानांत जास्तीत जास्त ०.३, मोठ्यांत ०.५ मिलिग्रॅम. फरक नाही पडला तर ५ ते १५ मिनिटांनी पुन्हा. आधी एव्हिल (ॲलर्जीचं इंजेक्शन), मग हायड्रोकॉर्ट (स्टेरॉइड), आणि शेवटी अॅड्रेनलिन हा क्रम अजून खूप हातांत बसलेला आहे. तो उलटा कर. लक्षण कधी दिसलं आणि सुई कधी टोचली, या दोन वेळांमधली मिनिटं तुझ्या टीमचा खरा रिपोर्ट. गंभीर घटना २४ तासांत कळवायची असते, आणि ते २४ तासही घड्याळावरच मोजतात.

संमतीपत्राचंही तसंच. सही १०:४० ला आणि रक्ताच्या नळीवर १०:२५, तर तू संमतीशिवाय रक्त काढलंस. प्रत्यक्षात तसं नसेलही, पण कागद तेच म्हणतो. आईला वाचता येत नसेल तर निःपक्षपाती साक्षीदार पहिल्या वाक्यापासून बसलेला हवा. शेवटी सहीपुरता बोलावलेला शिपाई नको. सात ते बारा वर्षांच्या मुलाची तोंडी संमती, त्यापुढे अठरापर्यंत लेखी. चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ, बाजूला खरा आकडा, सही, तारीख. व्हाइटनर टेबलावरच ठेवू नकोस.

मला कटकट्या म्हणतात हे तुझ्याही कानावर गेलं असेल. म्हणू देत. ‘नंतर भरू’ म्हणून सोडलेल्या रकान्यांची खंत मला आहे. ते नंतर भरता येत नाहीत, आणि भरले तर ते आपले नसतात. तुला आत्ता हे जाचक वाटतंय, कारण दिवसाला वीस पेशंट आणि तू एकटी. मग वीस नको, आठ घे. तुझ्या वरिष्ठांना मी हेच सांगेन, त्यांना आवडो न आवडो.

सोमवारी गेल्यावर एक कर. भिंतीवरचं घड्याळ, स्पायरोमीटरच्या कॉम्प्युटरचं आणि तुझ्या मोबाइलचं, तिन्ही शेजारी धरून बघ. कॉम्प्युटरचं बहुतेक मागे असेल. आतला सेल संपला की लाइट गेल्यावर ते भलत्याच वर्षात जातं आणि छापील रिपोर्टवर तीच तारीख उमटते. ते मोबाइलशी जुळव, किती मिनिटं चुकलेलं होतं ते वहीत लिही, आणि मागच्या महिन्यातले रिपोर्ट काढून त्यांच्यावर तशी टीप लिही, आजची तारीख घालून. मग त्या आईला फोन लाव.