हृदय थांबलं की जाणीव त्याच क्षणी संपते का?

नाही, त्याच क्षणी नाही. पण फार वेळही लागत नाही. हृदय थांबलं की मेंदूचा रक्तपुरवठा तुटतो आणि साधारण १० ते २० सेकंदांत शुद्ध हरपते. मेंदूच्या पेशी मात्र लगेच मरत नाहीत, म्हणून तर वेळेत छाती दाबून माणूस परत आणता येतो. २०२३ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी व्हेंटिलेटर काढलेल्या ४ मरणासन्न रुग्णांच्या मेंदूच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यातल्या दोघांच्या मेंदूत गॅमा लहरी, म्हणजे मेंदूतल्या वेगवान विद्युत लहरी, एकदम उसळल्या होत्या. जागेपणी, लक्ष देताना दिसतात तशा. ‘आत्मा विश्वात विलीन होताना दिसला’ वगैरे म्हणणारे व्हिडिओ सोडून द्या. ते दोन्ही रुग्ण वाचले नाहीत, त्यामुळे आतून काही जाणवलं का, हे त्यांना विचारताच आलं नाही.