धारेचं काम सुरू करा, पण पीएफ मोडून नको

शिरोली एमआयडीसीत आठ वर्षं बफिंग, म्हणजे फिरत्या चाकावर धातूला चकाकी देण्याचं काम करताय, पगार 20 हजार. माणसांच्या गराड्यात जीव नकोसा होतो, म्हणून पीएफचे 2 लाख 60 हजार काढून जुनं टूल अँड कटर ग्राइंडर (हत्यारांना धार लावायचं मशीन) घ्यावं आणि एकट्यानं एंडमिल, ड्रिल अशा धातू कापणाऱ्या हत्यारांना धार लावून द्यावी का, असं तुम्ही विचारलंय.

एकट्यानं काम करावंसं वाटणं हा दोष नाही. धारेच्या कामाला तशीच एकाग्रता लागते, आणि चाकावरचा हात तुम्हाला आहेच. पैसा कुठून आणताय, तेवढंच मला पटलेलं नाही.

घरखर्च 16 हजार, शेडचं भाडं 4 हजार, वीज आणि धारेची चाकं 5 हजार, म्हणजे महिन्याला 25 हजार. नगाला सरासरी 60 रुपये धरले तर 417 नग, सुट्ट्या सोडून रोज सतरा. तुम्हाला दोन वर्कशॉपनी मिळून 200 नगांचा शब्द दिलाय. निम्मासुद्धा नाही.

पाच वर्षांवर सेवा झाल्यानं पीएफवर कर लागणार नाही, हे तुमचं बरोबर. पण पीएफसोबतच्या पेन्शनला 10 वर्षं सेवा लागते. नोकरी सोडलीच तर पेन्शनचे पैसे काढू नका, स्कीम सर्टिफिकेट घ्या. झालेली वर्षं जमेस राहतात.

मला सगळ्यात जास्त काळजी हाताची वाटते. आज कामावर दुखापत झाली तर ईएसआयकडून, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्यातून, पगाराच्या 90 टक्के भरपाई मिळते. उद्या स्वतःच्या धंद्यात बोट कापलं की शटर बंद. म्हणून आठवड्याला भरपाई देणारा अपघात विमा मशीनच्या आधी घ्या. वर्षाला 20 रुपयांच्या प्रधानमंत्री सुरक्षा विम्यात तात्पुरत्या दुखापतीला काही मिळत नाही. कार्बाइडच्या (कडक हत्यारांचा मिश्रधातू) धुळीत कोबाल्ट असतं, ते फुप्फुसाला घातक. धूळ ओढणारा पंखा खर्चात धराच.

वसुलीसाठी भांडणं तुमच्या स्वभावात नाही. उद्यम ही छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी करा, फुकट आहे. मग गिऱ्हाइकाला जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात; आयकर कायद्यातल्या 2023 च्या बदलामुळे मुदत चुकली तर पैसे देईपर्यंत त्याला तो खर्च आयकरात दाखवता येत नाही.

आत्ता नोकरी ठेवा. नेमणूकपत्रात बाहेरच्या कामाला मनाई नाही ना, बघा. तुमच्या बचतीच्या 1 लाख 10 हजारांतले फार तर 25 हजार घालून बेंच ग्राइंडरवर संध्याकाळी ड्रिल आणि शिंप्यांच्या कात्र्या करा. सलग तीन महिने वेळ पुरत नाही म्हणून आलेलं काम परत पाठवावं लागलं, तर मोठ्या मशीनसाठी मुद्रा या छोट्या धंद्यांच्या सरकारी कर्जयोजनेच्या किशोर गटातून कर्ज मागा. ते 5 लाखांपर्यंत, विनातारण मिळतं.