ल्वारचे खोरे, तिच्या उपनद्या आणि सायकल : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

फ्रान्समधील ल्वार नदीच्या खोऱ्यात सायकलवरून फिरण्याविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या वेळी उत्तरे देत आहोत. काही पत्रांतील मजकूर जागेअभावी संक्षिप्त केला आहे.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी, दोघेही साठीच्या जवळ आलेलो. रोज तीस-चाळीस किलोमीटर सायकल चालवण्याची सवय आहे. हाताशी आठ दिवस आहेत. ऑर्लेआँहून निघून नदीकाठाने थेट नांतपर्यंत जावे आणि वाटेत जितके किल्ले आणि प्रासाद लागतील तितके पाहावेत, असा विचार आहे. तो व्यवहार्य आहे का?

अंतराच्या दृष्टीने कदाचित व्यवहार्य ठरेल. मात्र ज्यासाठी आपण जाणार आहात ते त्यातून साधणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘ल्वार आ व्हेलो’ या नावाने ओळखला जाणारा सायकलमार्ग सुमारे ९०० किलोमीटर लांबीचा असून तो नव्हेरजवळच्या क्यूफी गावापासून अटलांटिक किनाऱ्यावरील सँ-ब्रव्हँपर्यंत जातो. अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत नेणाऱ्या ‘युरोव्हेलो ६’ या लांब पल्ल्याच्या सायकलमार्गाचा तो एक भाग आहे. ऑर्लेआँ ते नांत हा त्यातला मधला मोठा टप्पा आठ दिवसांत संपवायचा म्हटला, तर रोजचे अंतर आपल्या सवयीच्या बाहेर जाईल आणि वास्तू पाहायला दिवसाकाठी तासभरही उरणार नाही. शांबोरच्या प्रासादासारख्या एकाच ठिकाणाला निवांतपणे अर्धा दिवस सहज लागतो.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, ज्यांची छायाचित्रे पाहून आपण या खोऱ्याकडे ओढले जातो, त्यांपैकी बऱ्याच वास्तू मुळात ल्वारच्या काठावर नाहीतच. शनोंसो शेर नदीवर आहे, आझे-ल-रिदो आंद्र नदीतल्या बेटावर आहे, शिनोंचा किल्ला व्हिएन नदीच्या काठी आहे आणि शांबोर कॉसों नावाच्या लहानशा नदीशेजारी जंगलात आहे. ल्वार ही पूर येणारी, पात्र बदलणारी, वाळूची नदी. तिला आवरण्यासाठी शतकानुशतके पूरबांध घालावे लागले. तिच्या काठी उंच कड्यावर आंब्वाझ किंवा सोम्यूरसारखे पहाऱ्याचे किल्ले शोभतात. पण पाण्यात प्रतिबिंब पडेल असा नाजूक प्रासाद उभारायचा, तर लहान आणि शांत नदीच हवी. शनोंसोचा प्रासाद तर शेर नदीतल्या एका जुन्या पाणचक्कीच्या पायावर उभा आहे. म्हणून मुख्य नदीचा काठ न सोडणारा सायकलस्वार या वैभवाच्या शेजारून निघून जातो.

तेव्हा ऑर्लेआँ आणि नांत ही दोन्ही टोके सोडून द्यावीत आणि सोम्यूर ते ब्लुआ एवढाच पट्टा निवडावा. होय, पश्चिमेकडून पूर्वेकडे. नदीच्या प्रवाहाबरोबर गेले की उताराचा फायदा मिळतो, असे बहुतेकांना वाटते. परंतु ऑर्लेआँपासून समुद्रापर्यंतच्या जवळपास चारशे किलोमीटरमध्ये नदी जेमतेम शंभर मीटर उतरते, आणि एवढा उतार पायांना जाणवतसुद्धा नाही. वारा मात्र जाणवतो. तो या भागात बहुधा पश्चिमेकडून, म्हणजे समुद्राकडून वाहतो आणि उघड्या पूरबांधावर तो समोरून आला, तर सपाट रस्ताही घाटासारखा वाटू लागतो.

सोम्यूरहून पहिल्या दिवशी मोंसोरो आणि कांद-सँ-मार्तँमार्गे शिनों गाठावे. या टप्प्यात सूझे-शांपिन्यी येथे मार्ग चक्क खडकात कोरलेल्या गल्लीतून जातो. इथला पांढुरका चुनखडक मऊ असल्यामुळे प्रासादांसाठी दगड काढून झाल्यावर उरलेल्या खाणींत लोकांनी घरे, द्राक्षमद्याची तळघरे आणि अळिंबीची लागवड थाटली. सायकलचा दिवा दिवसाही हाताशी असू द्यावा. कांद येथे व्हिएन नदी ल्वारला मिळते. चर्चमागच्या टेकडीवर थोडे चढून गेले की संगम पूर्ण दिसतो. शिनोंच्या किल्ल्यात १४२९ मध्ये जोन ऑफ आर्क हिने सातव्या चार्ल्सची भेट घेतली होती. इतरत्र दिसणाऱ्या नटव्या प्रासादांपेक्षा हा किल्ला कितीतरी जुना आणि रांगडा असल्यामुळे सुरुवात त्याच्यापासून व्हावी, हे मला अधिक योग्य वाटते.

शिनोंहून यूसेमार्गे आझे-ल-रिदो, आझेहून व्हिलांद्रीची उद्याने पाहून तूर, आणि तूरहून आंब्वाझ, असे पुढचे तीन दिवस होतात. प्रत्येकी सुमारे तीस किलोमीटर. यूसेनंतर मुख्य मार्ग ल्वारच्या काठाने ब्रेहेमोंकडे जातो. आझेसाठी तो सोडून आंद्रच्या खोऱ्यात शिरावे लागते आणि हे वळण चुकवू नये. व्हिलांद्रीची उद्याने सोळाव्या शतकातली आहेत, असे समजून अनेक जण पाहतात. प्रत्यक्षात १९०६ मध्ये तिथला प्रासाद विकत घेणाऱ्या होआकीम कार्व्हालो यांनी जुन्या शैलीच्या आधारे ती नव्याने आखली.

आंब्वाझला दोन रात्री राहावे आणि मधला दिवस शनोंसोला द्यावा. दोन खोऱ्यांमधला उंचवटा पार करण्यासाठी जंगलातून पन्नास-साठ मीटर चढावे लागते. या प्रवासात चढ म्हणावा असे फार थोडे आहे, त्यातले हे एक. शनोंसोमध्ये नदीवर पसरलेल्या साठ मीटर लांब दालनाच्या दुसऱ्या टोकापर्यंत अवश्य जावे. १९४० नंतर या भागात शेर नदी हीच जर्मनव्याप्त आणि मुक्त फ्रान्समधली सीमारेषा होती. प्रासादाचे मुख्य दार व्याप्त भागात, तर या दालनाचे दक्षिणेकडचे दार मुक्त भागात उघडत असे. अशी जागा केवळ छायाचित्रासाठी पाहून निघून जाणे मला पटत नाही.

आंब्वाझहून शोमोंमार्गे ब्लुआ सुमारे चाळीस किलोमीटर पडते. ब्लुआहून शांबोर आणि शव्हेर्नी यांचा एका दिवसाचा फेरा जमतो. त्या परिसरात सायकलमार्गांच्या चौकांना क्रमांक दिलेले असल्याने नकाशा सारखा उघडावा लागत नाही. आठव्या दिवशी ब्लुआहून पॅरिसच्या ऑस्टरलिट्झ स्थानकाकडे थेट गाडी मिळते.

प्रश्न : कोणत्या महिन्यात जावे? आमच्या कार्यालयातील सुट्ट्या केवळ एप्रिल किंवा ऑगस्टमध्ये मिळू शकतात.

मे, जून आणि सप्टेंबर हे उत्तम महिने. जूनमध्ये सूर्यास्त रात्री पावणेदहाच्या सुमारास होतो. आपल्यापुढे दोनच पर्याय असतील, तर मी एप्रिलच्या उत्तरार्धाची शिफारस करीन. त्या वेळी पाऊस आणि थंडी यांची तयारी ठेवावी लागेल आणि नदीला पाणी जास्त असल्यास काठालगतचा एखादा तुकडा बंद असू शकेल. अशा वेळी पर्यायी रस्त्याच्या पाट्या लावलेल्या असतात. ऑगस्टमध्ये प्रासादांतली गर्दी, निवासाची टंचाई आणि अधूनमधून येणारी उष्णतेची लाट, असे तिन्ही एकदम वाट्याला येते. तरीही ऑगस्टच निवडावा लागला, तर सकाळी वास्तू उघडताक्षणी आत असावे आणि सायकल चालवण्याचे काम संध्याकाळकडे ढकलावे.

प्रश्न : आमची मुलगी नऊ वर्षांची आहे. तिला तिच्या स्वतःच्या सायकलवर या मार्गाने नेणे सुरक्षित आहे का? तिथले नियम काय आहेत?

संपूर्ण मार्ग वाहनमुक्त आहे, असा एक गैरसमज आहे. त्याचा बराचसा भाग कमी वाहतुकीच्या गावरस्त्यांवरून जातो आणि शहरांत शिरताना मोटारींची सोबत होतेच. नऊ वर्षांच्या मुलीला डावीकडून चालवण्याची सवय असेल, तर पहिला दिवस केवळ उजव्या बाजूने चालण्याच्या सरावासाठी ठेवावा.

बारा वर्षांखालील मुलांना शिरस्त्राण, म्हणजे हेल्मेट, सक्तीचे आहे. मूल मागच्या आसनावर बसलेले असले तरीही. पदपथावरून सायकल चालवण्याची मुभा आठ वर्षांखालील मुलांनाच असल्यामुळे आपल्या मुलीला ती नाही. घंटी आणि दिवे हवेत, आणि वस्तीबाहेर रात्री किंवा अंधूक प्रकाशात प्रकाश परावर्तित करणारे जाकीट घालणे बंधनकारक आहे. कानात इअरफोन घालून सायकल चालवल्यास मोठ्यांनाही दंड होतो.

या सगळ्यापेक्षा मला अधिक काळजी वाटते ती उजवीकडून येणाऱ्याला प्राधान्य देण्याच्या नियमाची. ज्या चौकात कोणतीही पाटी किंवा खूण नाही, तिथे उजवीकडच्या लहानशा गल्लीतून बाहेर येणाऱ्या मोटारीलासुद्धा पहिला हक्क असतो आणि स्थानिक चालक तो हक्क न थांबता बजावतात. गावात शिरल्यावर मुलीला दोघांच्या मध्ये ठेवावे आणि अशा प्रत्येक चौकाआधी वेग कमी करण्याची सवय तिला लावावी.

मुलांसोबत रोज नवे गाव गाठण्यापेक्षा आंब्वाझमध्ये तळ ठोकावा. लिओनार्दो दा व्हिंचीने आयुष्याची शेवटची सुमारे तीन वर्षे तिथल्या क्लो ल्युसे या घरात काढली आणि १५१९ मध्ये तिथेच त्याचे निधन झाले. घराच्या बागेत त्याच्या यंत्रांच्या मोठ्या प्रतिकृती आहेत आणि त्यांतल्या काही मुलांना हाताळताही येतात. शांबोरलाही एकदा जाऊन यावे. तिथल्या दुहेरी वळणाच्या जिन्यावर एक जण वर चढत असताना दुसरा खाली उतरला, तरी दोघांची गाठ पडत नाही. या खेळात मुले किती वेळ रमतील, याचा हिशेब वेळापत्रक आखतानाच धरावा.

नदीतल्या वाळूच्या बेटांवर मात्र तिला उतरू देऊ नये. ल्वारचे पाणी उथळ आणि संथ दिसते, परंतु तळातली वाळू सरकती असते आणि तिथे माणसे बुडाल्याच्या घटना घडल्या आहेत. वसंत आणि उन्हाळ्यात याच बेटांवर कुररी पक्षी अंडी घालतात, म्हणूनही तिथे जाण्यास मनाई असते.

प्रश्न : स्वतःची सायकल विमानाने न्यावी की तिथे भाड्याने घ्यावी? आगगाडीत सायकल नेता येते का? राहण्याची आणि जेवणाची सोय कशी असते?

आठ-दहा दिवसांसाठी भाड्याचीच घ्यावी. एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात परत करण्याची सोय काही दुकानदार देतात. ती आधीच ठरवून घ्यावी. विजेच्या साहाय्याने चालणारी सायकल घेतल्यास तिची मदत ताशी २५ किलोमीटरनंतर बंद होते, हे लक्षात ठेवावे. अर्थात या मार्गावर त्यापुढे जाण्याचे कारणही नाही.

प्रादेशिक गाड्यांत सायकल नेता येते, मात्र जागा मोजकी असते. उन्हाळ्यात या खोऱ्यातल्या काही गाड्यांना सायकलींसाठी जादा जागा असते. अतिवेगवान टीजीव्ही गाडीत जोडलेली सायकल न्यायची असेल, तर आरक्षण लागते आणि प्रत्येक गाडीत तशी सोय नसते. सुटी करून १३० बाय ९० सेंटिमीटरच्या पिशवीत घातलेली सायकल सामान म्हणून चालते.

निवासासाठी ‘आक्युई व्हेलो’ हे चिन्ह पाहावे. ते असलेली ठिकाणे मार्गापासून पाच किलोमीटरच्या आत असतात आणि तिथे सायकल कुलपात ठेवण्याची जागा व दुरुस्तीची हत्यारे मिळतात. जेवणाच्या बाबतीत मात्र थोडी शिस्त लागेल. गावांतली उपाहारगृहे दुपारी साधारण बारा ते दोन एवढाच वेळ जेवण देतात, आणि अडीच वाजता पोहोचलेल्या भुकेल्या प्रवाशाची कोणी फारशी दयामाया करीत नाही. रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी दुकाने बंद असण्याची शक्यता मोठी असते. त्यामुळे शनिवारीच पाव, चीज आणि फळे पॅनियरमध्ये, म्हणजे सायकलला अडकवायच्या पिशवीत, भरून ठेवावीत. पाण्याची बाटली रिकामी झाली आणि गावात चिटपाखरूही दिसत नसले, तर दफनभूमीत जावे. फुलझाडांसाठी तिथे बहुधा नळ असतो आणि फ्रान्समधले सायकलस्वार वर्षानुवर्षे त्याचा उपयोग करीत आले आहेत. फक्त पाणी पिण्यायोग्य नसल्याची पाटी तिथे नाही ना, एवढे पाहून घ्यावे.